वाड्यातले कुंपण: गृहनिर्माण संस्था, सभासद आणि हद्दीचे वाद

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याला लागून, गोरखी नावाचा जुना राजवाडा उभा आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास आपली छावणी येथे स्थिर केली. पुढे छावणीचे शहर झाले आणि शहराला नावही ‘लष्कर’ हेच चिकटले. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज या तेथील वस्त्यांच्या नावांत शिंदे घराण्याची वंशावळ वाचता येते. १८७४ मध्ये जयाजीराव शिंदे यांचा जयविलास राजवाडा तयार झाला आणि गोरखीचे राजनिवासाचे वैभव मागे पडले. मात्र शिंद्यांचे देवघर तेथेच राहिले, मन्सूरशाह बाबांचे स्थानही तेथेच राहिले, आणि त्याच आवाराच्या इतर भागांत शाळा व शासकीय कार्यालये आली. अटलबिहारी वाजपेयी यांचे शालेय शिक्षण गोरखीतल्याच शाळेत झाले. एका आवारात देवघर, शाळा आणि कचेरी अशी वेगवेगळ्या धन्यांची वहिवाट नांदू लागली, की आतली प्रत्येक भिंत कोणाची, ती कोणाच्या परवानगीने उभी राहिली आणि कोणाला पाडता येईल, हे प्रश्न ओघानेच येतात.

मराठीतला ‘वाडा’ आणि हिंदीतला ‘बाडा’ हे दोन्ही शब्द ‘वाट’ या संस्कृत शब्दाकडे जातात. त्याचा अर्थ कुंपणाने वेढलेली जागा. गोव्यात ‘वाडा’ म्हटले की गावातली वस्ती डोळ्यांपुढे येते आणि तिला बाहेरची भिंत नसते. आत मात्र घराघराचा चिऱ्यांचा गडगा असतो. ग्वाल्हेरच्या सरदारी वाड्यात नेमके उलटे होते. बाहेर भक्कम तट, आत सामाईक चौक. आजची गृहनिर्माण संस्था ही या दोहोंची सरमिसळ आहे. बाहेर वाड्यासारखी कुंपणभिंत, फाटक आणि पहारेकरी. आत मात्र प्रत्येक सभासदाच्या मनात स्वतःचा गडगा. पूर्वी आतल्या भिंतीचा निवाडा धनी करीत असे. आता धनी उरलेला नाही. त्याच्या जागी समिती, निबंधक, ग्रामपंचायत किंवा पालिका, नगरनियोजन खाते आणि न्यायालय असे पाच दरवाजे आहेत, आणि बहुतेक तक्रारदार आयुष्याची काही वर्षे चुकीच्या दरवाजावर घालवतात.

जमीन कोणाच्या नावावर आहे?

कुंपणाच्या वादात पहिला प्रश्न ‘कुंपण कोठे घातले’ हा नसून ‘कुंपणाखालची जमीन कोणाची’ हा आहे. एकाच दिसणाऱ्या तारेच्या जाळीला तीन ठिकाणी तीन वेगळे कायदेशीर अर्थ असू शकतात.

पहिला प्रकार भूखंडधारकांच्या संस्थेचा. संस्था मोठी जमीन घेते, तिची आखणी मंजूर करून घेते आणि सभासदांना भूखंड देते. हे भूखंड कोठे मालकीने, कोठे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. भाडेपट्टा असेल तर जमीन संस्थेचीच राहते आणि कुंपणाची जागा, उंची, प्रकार याविषयीच्या अटी पट्ट्यातच लिहिलेल्या असू शकतात. मालकीचा भूखंड असेल तर समितीचा अधिकार उपविधींपुरता मर्यादित होतो. पण उपविधींवर सही करून सभासदत्व घेतलेल्याला ते नंतर नाकारता येत नाहीत. अहमदाबादच्या झोरॉस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हेच तत्त्व उचलून धरले. तो वाद कुंपणाचा नव्हता, सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा होता. परंतु आपणहून स्वीकारलेल्या उपविधीचे बंधन सभासदावर असते, हा त्यातला धागा कुंपणालाही लागू पडतो. त्याआधी १९८५ मध्ये दमन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले होते, की सहकारी संस्थेचा सभासद झाल्यावर संस्थेच्या संदर्भात व्यक्तीचे स्वतंत्र अस्तित्व संस्थेत विलीन होते. समित्यांचे वकील हे वाक्य आवडीने उद्धृत करतात. त्याचा अर्थ समितीच्या तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द कायदा होतो, असा मात्र नाही. समितीलाही अधिनियम आणि उपविधी यांच्या चौकटीतच राहावे लागते.

दुसरा प्रकार सदनिकांचा. महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यानुसार बांधकाम व्यावसायिकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते. तो टाळाटाळ करीत असल्यास २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग दिला. असे अभिहस्तांतरण झाल्यावर तळमजल्याच्या घरापुढची चिमुकली बाग संस्थेच्या जमिनीवर असते. ‘बिल्डरने मला बागेसह विकले’ हे सांगणाऱ्या सभासदाकडे बहुधा एक जाहिरातपत्रक किंवा करारातला एक मोघम शब्द असतो. मंजूर नकाशात ती जागा सामासिक अंतर म्हणून दाखवलेली असेल, तर तिच्याभोवती कुंपण घालण्याचा हक्क त्या शब्दातून निर्माण होत नाही.

या मुद्द्यावरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल मुंबईच्या दहिसरमधला आहे. नहालचंद लालूचंद कंपनी विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमारतीखालील खांबांमधली वाहनतळाची जागा बांधकाम व्यावसायिकाला वेगळी विकता येत नाही, असे ठरवले. ती जागा म्हणजे सदनिका नव्हे आणि भिंतींनी बंदिस्त गॅरेजही नव्हे. ती इमारतीच्या सामाईक सोयींचा भाग आहे. निकाल वाहनतळाचा असला तरी त्याच्या मागचा विचार सरळ आहे. जे सर्वांच्या वाट्याला आले आहे, त्याचा तुकडा एकाला विकण्याचा हक्क विकणाऱ्याकडे उरलेलाच नसतो. मागच्या अंगणाला जाळी लावून बसलेल्या अनेक सभासदांना हा निकाल अडचणीचा ठरतो.

गोव्याचे वेगळेपण

गोव्यात चित्र निराळे आहे आणि येथेच महाराष्ट्रातले नियम जसेच्या तसे वाचणाऱ्यांची फसगत होते. येथे सदनिकेच्या खरेदीखतात बहुधा सदनिकेबरोबर जमिनीतला अविभाजित हिस्सा थेट खरेदीदाराच्या नावे होतो. नंतर स्थापन होणारी संस्था ही पुष्कळदा केवळ देखभालीची संस्था असते. जमीन तिच्या नावावर नसते. त्यामुळे ‘जमीन संस्थेची आहे, कुंपण काढा’ असे समितीने नोटिशीत लिहिले, की समोरचा वकील पहिला घाव तेथेच घालतो. योग्य भूमिका वेगळी आहे. जमीन सर्व सदनिकाधारकांची सामाईक असते, प्रत्येकाचा हिस्सा अविभाजित असतो, आणि अविभाजित याचा अर्थच असा की कोणालाही ‘हा कोपरा माझा’ असे एकट्याने ठरवता येत नाही. सहहिस्सेदाराने सामाईक जागेभोवती कुंपण घातले तर इतर कोणताही सहहिस्सेदार दाद मागू शकतो. समितीच्या ठरावावाचून त्याचे अडत नाही. समिती निष्क्रिय असलेल्या संकुलात हा मुद्दा लाखमोलाचा ठरतो.

गोव्यातल्या दोन गोष्टी आणखी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली वारसाहक्काची. भूखंडधारक निवर्तल्यावर वारसनिश्चिती आणि वाटणीची प्रक्रिया वर्षानुवर्षे होत नाही. तोवर घरात राहणाऱ्या एका मुलाने शेजाऱ्याशी किंवा संस्थेशी हद्दीबाबत केलेला समझोता इतर वारसांवर बंधनकारक ठरेलच असे नाही. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने चालत आलेल्या नियमांनुसार स्थावर मालमत्ता हस्तांतरित करताना पती आणि पत्नी या दोघांची संमती लागते. म्हणून हद्द सरकवणाऱ्या समझोत्यावर एकाचीच सही घेऊन निश्चिंत होणे शहाणपणाचे नाही.

दुसरी गोष्ट मुंडकारांची. जुन्या भाटात नवे संकुल उभे राहते तेव्हा त्याच्या आवारात किंवा कडेला एखादे मुंडकाराचे घर असते. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने अशा राहत्या घराबरोबर त्याच्या सभोवारची ५ मीटरपर्यंतची जागा, किंवा पंचायत क्षेत्रात ३०० आणि इतरत्र २०० चौरस मीटरपर्यंतची जमीन संरक्षित केली आहे. संकुलाची नवी कुंपणभिंत त्या जागेतून आखली गेली, तर वाद सभासद आणि संस्था यांच्यातला राहत नाही. तो मामलेदारापुढे जातो आणि तेथे संकुलाचे उपविधी कोणी उघडूनही पाहत नाही. परंपरागत पायवाट भिंतीने बंद केली तरी हाच अनुभव येतो.

ग्वाल्हेरकडे पाहिले तर तिसरीच व्यवस्था दिसते. लष्करातल्या वाड्यांतून बाहेर पडून नव्या वसाहतींत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांचे व्यवहार मध्य प्रदेशाच्या कायद्यांनी बांधले आहेत. तेथे १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६४ खाली संस्था आणि सभासद यांच्यातले वाद निबंधकाकडे जातात. सदनिकांच्या मालकीसाठी प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० आहे. हद्द ठरवण्यासाठी १९५९ च्या भू-राजस्व संहितेतल्या कलम १२९ खाली सीमांकनाचा अर्ज तहसीलदाराकडे करावा लागतो. महाराष्ट्रात याच कामाला मोजणी म्हणतात आणि ती भूमी अभिलेख खाते करते. गोव्यात भूमापन व भूमी अभिलेख संचालनालय. नावे वेगळी असली तरी क्रम सगळीकडे एकच ठेवावा. आधी मोजणी, मग नोटीस. प्रत्यक्षात तो उलटा चालतो.

रेघेची जाडी

मोजणीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण शेजाऱ्यांमधली कटुता बहुधा वीतभर जमिनीसाठी असते. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर रुंद होते. म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून ‘तुमचे कुंपण दीड फूट आत आले आहे’ असे सांगणारा समितीचा पदाधिकारी रेघेच्या जाडीवर भांडत असतो. हद्दीचे दगड, आखणीच्या मंजूर नकाशातली मापे आणि खरेदीखतातल्या चतुःसीमा या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून मोजणी केली तरच तिला अर्थ असतो. शेजारच्या जमीनधारकाला मोजणीची पूर्वसूचना दिलेली असणेही तितकेच आवश्यक आहे. पाठीमागे केलेली मोजणी कितीही अचूक असली तरी न्यायालयात तिचे वजन घटते. गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावरही फाजील भिस्त ठेवू नये. त्यातील नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, पण ती मालकीचा दस्त नव्हे.

जुने कुंपण म्हणजे हद्द, ही समजूत सर्वत्र आहे. तिला पूर्णपणे चूकही म्हणता येत नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मालकाने ताब्यासाठी दावा करण्याची मुदत १२ वर्षांची आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, अखंड आणि त्याच्या हक्काला आव्हान देऊन १२ वर्षे ताबा ठेवणाऱ्याला प्रतिकूल ताब्याचा बचाव मिळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आधारावर स्वतः दावा करण्याचीही मुभा दिली. म्हणूनच शेजाऱ्याने बांध कोरला असताना ‘बघू पुढे’ म्हणत बसणे महाग पडते. परंतु सामाईक जमिनीत हा बचाव सहजासहजी टिकत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने आहे असे कायदा मानतो. इतरांना स्पष्टपणे वगळल्याचे सिद्ध झाल्यावाचून केवळ २० वर्षांची मेंदी आणि गंजलेली तार पुढे करून तळमजल्याची बाग मालकीची होत नाही. भाडेपट्टेदारालाही पट्टा चालू असेतो पट्टा देणाऱ्याविरुद्ध असा दावा सांगता येत नाही.

दोन परवानग्या

समितीने ना हरकत दिली म्हणजे कुंपण कायदेशीर झाले, हा एक गैरसमज. पंचायतीने परवाना दिला म्हणजे समितीला बोलायचा अधिकार उरला नाही, हा दुसरा. दोन्ही परवानग्या एकमेकींची जागा घेत नाहीत. गोव्यात पंचायत क्षेत्रातील बांधकामाला पंचायत राज अधिनियम, १९९४ च्या कलम ६६ खालील परवानगी लागते. कुंपणभिंतीची उंची, रस्त्याकडील भरीव भाग, कोपऱ्यावरील दृष्टिपथ यांविषयी २०१० च्या भूविकास व इमारत बांधकाम विनियमांत मर्यादा घातलेल्या आहेत. मध्य प्रदेशात २०१२ चे भूमी विकास नियम आहेत. हे नियम सौंदर्यासाठी केलेले नाहीत. कोपऱ्यावरची उंच भिंत वाहनचालकाची नजर अडवते. बाजूच्या सामासिक अंतरातली जाळी अग्निशामक बंबाचा मार्ग रोखते. आणि गोव्याच्या पावसात उतारावरची भरीव भिंत पाण्याचा जुना प्रवाह वळवून खालच्या घरात सोडते. या तिसऱ्या कारणाने होणारी भांडणे कागदावर हद्दीची दिसतात, प्रत्यक्षात ती गटाराची असतात. भिंतीच्या पायाशी पुरेशी मोकळी भोके ठेवली असती तर त्यांतली कित्येक उद्भवलीच नसती.

नव्या प्रकल्पांत आणखी एक पदर आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने उद्याने, खेळाची मैदाने, मोकळ्या जागा आणि उघडे वाहनतळ यांना स्पष्टपणे सामाईक क्षेत्र म्हटले आहे. कलम १७ नुसार त्यांचे हस्तांतरण रहिवाशांच्या संघाकडे करणे विकासकावर बंधनकारक आहे. मंजूर आराखड्यात मोठा फेरबदल करायचा तर कलम १४ खाली दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती हवी. एका मोठ्या वसाहतीत टप्प्याटप्प्याने चार संस्था झाल्या आणि पहिल्या संस्थेने सर्वांसाठीच्या मैदानाला आपल्या बाजूने कुंपण घातले, तर उरलेल्या तीन संस्था याच तरतुदींकडे वळतात. संस्था सभासदाला जे शिकवते ते तिने स्वतःही पाळावे लागते, इतकेच.

परदेशातील मराठी कुटुंबांना हा विषय अधिक कडक रूपात भेटतो. अमेरिकेतल्या घरमालकांच्या संघाकडे नोंदणीकृत करारनामा असतो. तो जमिनीबरोबर चालतो, म्हणजे घर विकत घेणारा प्रत्येक नवा मालक त्याने आपोआप बांधला जातो. कुंपणाचे लाकूड, रंग, उंची आणि रस्त्यापासूनचे अंतर आधी एका समितीकडून मंजूर करून घ्यावे लागते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये नारस्टेट खटल्यात असे नोंदलेले निर्बंध सकृद्दर्शनी वाजवी मानावेत, असा निर्णय दिला. तेथे वादाचे कारण कुंपण नव्हते, तीन मांजरे होती. पुढे वारे थोडे उलटले. टेक्सासने २०२१ मध्ये कायदा करून सुरक्षेसाठी हद्दीवर कुंपण घालण्यास संघाने सरसकट मनाई करू नये असे ठरवले. प्रकार कोणता असावा हे सांगण्याचा अधिकार मात्र संघाकडे ठेवला. भारतीय समित्यांना ही विभागणी अभ्यासण्यासारखी आहे. ‘कुंपण नकोच’ असा ठराव कोर्टात लटपटतो. ‘कुंपण असे आणि इतक्या उंचीचे असावे’ हा सर्वांना सारखा लागू केलेला ठराव सहसा टिकतो.

सारखा लागू केलेला, हे शब्द महत्त्वाचे. समित्या हरतात त्या बहुधा याच मुद्द्यावर. अध्यक्षांच्या नातलगाचे कुंपण दहा वर्षे दिसले नाही आणि नव्याने आलेल्या कुटुंबाची मेंदी आठ दिवसांत दिसली, असे इतिवृत्तांवरून सिद्ध झाले की चांगला उपविधीही निकामी होतो.

दाद कोठे मागावी

संस्थेचा कारभार, उपविधींचे पालन, ठरावाची वैधता असा वाद असल्यास महाराष्ट्रात १९६० च्या अधिनियमातील कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. गोव्यात २००१ च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली निबंधकांची यंत्रणा आहे. जमिनीच्या मालकीचाच प्रश्न असेल, किंवा विरुद्ध पक्ष संस्थेचा सभासदच नसेल, तर दिवाणी न्यायालयावाचून गत्यंतर नाही. मंजूर नकाशाविरुद्ध बांधकाम झाले असल्यास पंचायत किंवा पालिका, आणि विकासकाने सामाईक जागा अडवली असल्यास स्थावर संपदा प्राधिकरण. कुंपणावरून हातघाईची वेळ आली आणि शांतता भंगण्याची चिन्हे दिसू लागली, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी प्रत्यक्ष ताबा कोणाकडे होता एवढेच पाहून तात्पुरता आदेश देऊ शकतो. मालकी तो ठरवीत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे रविवारी सकाळी मजूर आणून कुंपण उखडणे. कुंपण बेकायदेशीर असले तरी समितीला ते स्वतः पाडण्याचा अधिकार नसतो. आदेश मिळवावा लागतो. ज्याचा प्रत्यक्ष ताबा कायदेशीर प्रक्रियेविना हिरावला गेला, त्याला विशिष्ट दिलासा अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकीचा विचार होत नाही. म्हणजे मूळ हक्क संस्थेचा असूनही पहिली फेरी ती गमावते. हा दावा करण्याची मुदत ताबा गेल्यापासून ६ महिन्यांची आहे. त्यामुळे कुंपण उखडले गेल्याच्या दिवशीची छायाचित्रे, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची पोच आणि शेजाऱ्यांची नावे त्याच आठवड्यात जमवून ठेवावी लागतात.